देवळीतली किल्ली

सुट्टी रविवारी आली, शुक्रवार-शनिवारला लागून,
तेव्हा कुठे आमची गाडी दोह्याच्या उत्तरेला वळली.
एकवीस वर्षांत अल खोरच्या पुढे
कधी काम निघालं नव्हतं.

रस्ता पट्टीने ओढल्यासारखा.
मुकुंद बोलत होता: हा उतार आमच्या कंपनीने केला,
इथे पाणी तुंबतं, मी तेव्हाच सांगितलं होतं.
माझ्या मांडीवर डबा. कळण्याच्या पुऱ्या, लसणाची चटणी,
आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही
जळगावचंच राहिलेलं भरीत.

अल रुवैसच्या धक्क्यावर
तारेचे पिंजरे, एकावर एक पालथे.
एका मल्याळी म्हाताऱ्याने विचारलं, मासे?
आम्ही एकदमच माना हलवल्या.
तापीकाठची माणसं आम्ही,
समुद्र नुसता बघतो.

मग अल जुमैल.
गाव म्हणायचं, पण दाराला दार नाही.
भिंती कमरेएवढ्या, कुठे खांद्याएवढ्या,
दगडांतून डोकावणारे शिंपले.
मिनार तेवढा उभा.
मुकुंदने वितीने भिंत मोजली. सवय.
"का गेले असतील गं सगळे?"
मलाच विचारलं, आणि स्वतःच म्हणाला,
"पाणी. नाहीतर पगार."

एका घरात देवळी होती, दिवा मावेल एवढी.
हात आपसूक गेला.
गाडीची किल्ली त्यात ठेवली मी,
उंबऱ्यावर बसून दोघांनी खाल्लं,
आणि ओहोटीच्या चिखलातून
लांब, फार लांब चालत गेलो.

परतलो तर गाडी समोर आणि किल्ली नाही.

"कुठलं घर होतं आपलं?"
"खिडकीतून समुद्र दिसायचा ते."
सगळ्याच खिडक्यांतून समुद्र दिसत होता.
सगळ्याच घरांना देवळ्या, सगळ्या रिकाम्या,
एकीत सिगारेटचं थोटूक, एकीत वाळू.
तो त्या बाजूने, मी या बाजूने.
मधे तीन घरांच्या भिंती.
तेवढ्यात पलीकडून, मी दिसत नसताना, तो म्हणाला,
"सुनंदा, गुरुवारी पत्र आलंय.
मार्चपर्यंतच आहे."

छप्पर असतं तर ऐकू आलं नसतं.

मी एका भिंतीला हात टेकून उभी राहिले.
शिंपला टोचत होता तळव्याला, टोचू दिला.
मग म्हटलं, "आधी किल्ली शोध."

शेवटी मुंग्यांनी दाखवलं घर.
उंबऱ्यावर चटणीचे लाल कण सांडलेले,
त्यांची रांग लागली होती
आत-बाहेर, आत-बाहेर,
जणू पिढ्यान्‌पिढ्या इथलीच वहिवाट.
किल्ली गार पडली होती.

जुबाराचा किल्ला गाठेपर्यंत दरवाजा बंद.
पहारेकऱ्याने हातानेच सांगितलं, उद्या.
आम्ही कागदी कपातला करक चहा घेतला,
बॉनेटवर टेकून, एक शब्द न बोलता,
आणि तो नेहमीसारखा फार गोड होता.

मग पेट्रोलपंपावर
मुकुंद काच खाली करून म्हणाला,
फुल्ल कर.
अजून दोन दिवस होते सुट्टीचे.