तीसपैकी सतरा

डंडीत, टे नदीच्या वरच्या उतारावर,
वृद्धांच्या मानसोपचार विभागात
माझं प्रशिक्षणाचं दुसरं वर्ष,
आणि हातात तीस गुणांचा फॉर्म.

एफी रॅट्रे, वय ब्याऐंशी.
तागाच्या गिरणीत विणकर, पंधराव्या वर्षापासून.
फेब्रुवारीत बहीण गेली.
तेव्हापासून जेवण अर्धं, पहाटे तीनला जाग.
भाचीने चिठ्ठीवर एकच शब्द लिहिलेला: विसरते.

ताग म्हटल्यावर मला तरट आठवलं,
बार्शीच्या अडतीतल्या तुरीच्या गोण्या,
त्यांना टेकून हिशेब लिहिणारे बाबा.
फॉर्ममध्ये तरटाला चौकट नव्हती.

आज वार कोणता?
माहीत नाही.
महिना?
माहीत नाही.
मघाशी सांगितलेले शब्द?
ती माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत राहिली.
शंभरातून सात गेले, किती उरले?
'जाऊ दे,' म्हणाली. 'गेलेलं मोजू नये.'
घड्याळ काढायला सांगितलं तर
एक गोल काढला, सुबक,
आणि पेन्सिल परत केली.

सतरा.
आमच्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी.
हिची साठी उलटून बावीस वर्षं झालेली.
यमक जुळलं की
निदान झाल्यासारखं वाटतं.

डॉक्टर गिलफिलन यांनी फॉर्म उलटा धरला, मग सुलटा.
'चुकीची उत्तरं किती? आणि "माहीत नाही" किती?'
मी मोजलं. एक. आणि बारा.
'स्मृती जाते तो माणूस बहुधा काहीतरी उत्तर देतो,
चुकीचं, हसून, थाप मारून.
बारा वेळा माहीत नाही म्हणणाऱ्याला
कधीकधी काहीच नको असतं.
नियम नाही हा. पण थांब त्यापाशी.'
मग चष्मा काढून:
'तू बसली कुठे होतीस?'

खिडकीकडे पाठ करून.

मागांच्या त्या खडखडाटात, त्यांनी सांगितलं,
पोरी ओठांवरून बोलणं ओळखायच्या,
चार माग पलीकडून चेष्टा करायच्या.
विशीतच कान गेले सगळ्यांचे.
'तुझं तोंड अंधारात होतं.
उरलेला वेळ कागदात.'

दहा आठवडे गेले. एक गोळी, रात्रीची.
दर मंगळवारी नर्स मोराग, तिच्यासोबत सूप पिणारी.
कानातलं यंत्र, जे ड्रॉवरमध्येच राहिलं.
मी खुर्ची फिरवली. उजेड चेहऱ्यावर घेतला.
एकेक शब्द सुटा करून बोलले.
'इतकं तोंड फाडू नकोस,' एफी म्हणाली,
'मी बहिरी आहे, बावळट नाही.'

सव्वीस.
उरलेले चार कुठे गेले, अजून कळलेलं नाही.
मेंदूचं स्कॅन नोव्हेंबरात.
संशोधनाच्या संमतीपत्रावर सही करताना तिने विचारलं,
हे वाचणार कोण?
मी म्हटलं, मी. आणखी बरेच जण.
'मग बहिणीचं नाव पण लिही कुठेतरी.'
त्यालाही चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल.
मागे ट्यूबलाइट, चेहरा नुसता काळा आकार.
आई गेल्यापासून फोन तेच लावतात,
बोलत मात्र नाहीत.
काय जेवलात?
'माहीत नाही.'

मी टेबलावरचा दिवा
माझ्या तोंडाजवळ ओढला
आणि पुन्हा विचारलं.