बाकावरची जागा

सेंट्रिफ्यूज थांबलं. झाकण उघडलं.
वर यायला हवा होता नितळ पिवळा रस.
आलं दूध.
नळीवर चिठ्ठी: निखारे धनराज, सत्तेचाळीस, गोळीबार चौक.
'उपाशी' समोरची खूण चौकोन ओलांडून
पार तारखेपर्यंत घसरलेली.

धंतोलीतल्या आमच्या लॅबच्या खुर्चीवर
तो अजून कापूस दाबून बसलाय.
"रात्री काय खाल्लं?"
"रात्र कुठची बाई. दीड वाजता गल्ला मोजला,
पातेल्यात खूर होते, वर बोटभर तर्री.
फेकाले जीव होत नाई."
त्याच्या बाहीला जवसाच्या तेलाचा वास आहे,
दोनदा धुतला तरी न जाणारा.

बावीस वर्षं फिटची गोळी.
पहिली फिट आली तेव्हा तो मागावर होता,
धोटा हातात, अर्धं लुगडं विणलेलं.
मग माग गेला, कढई आली,
गोळी तीच राहिली.
आता हात कापतो. दुपारी डोळे मिटतात.
परवा रस्सा गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडला.
मागचे तीनही रिपोर्ट माझ्याच हाताखालून गेलेले:
अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. शहात्तर.
पन्नास ते शंभरच्या आत, शहाण्या मुलासारखे.
डॉक्टर म्हणाले, लेव्हल बरोबर आहे, टेन्शन घेऊ नका.

खरं तर सांगणं माझं काम नाही.
मी सुई टोचते, नळी फिरवते, आकडा लिहिते.
तरी पावती उलटी केली आणि रेघा मारल्या.
हे अल्ब्युमिन. रक्तातलं प्रथिन.
गोळी आली की याला बिलगून बसते.
बसली ती बसली, तिच्याकडून काही होत नाही.
जी सुटी फिरते, तीच मेंदूपर्यंत जाते,
फिटही तीच थांबवते, हातही तीच कापवते.
आणि तुमच्या तर्रीतली चरबी फुटून रक्तात येते
तिलाही नेमकी तिथेच टेकायचं असतं.

तो पावतीकडे बराच वेळ पाहत राहिला.
"म्हंजे बाकं तेवढेच,
अन् वऱ्हाड आलं लग्नाचं."
हो.
"मंग रोजचा मानूस उभा."
हो.
"अन् तुम्ही मोजता तं बसलेले, उभे, सारे मिळून."

मी पेन खाली ठेवला.
एवढ्या सोप्या शब्दांत
मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मंग उपाशी राहतो ना बाई. बाकं खाली."
तसंही नाही, निखारे.
फार वेळ पोटात काही नसलं
तर अंगातलीच चरबी वितळते,
तीही येऊन तिथेच बसते.
तो हसला. खालचा एक दात नाही.
"होऊन राह्यलं बाप्पा!
गिऱ्हाईक नसलं तं घरचेच पंगत धरते."

नमुना दुधाळ, पुन्हा घ्यावा, असं मी लिहिलं.
खाली, जिथे लिहायचा मला अधिकार नाही तिथे,
बारीक अक्षरात: फक्त सुटं औषध मोजता येईल का?
ती तपासणी इथे होत नाही.
नळी बर्फात बसून मुंबईला जाते,
आठ दिवस लागतात,
आणि पैसे, त्याच्या भाषेत, दोन बकऱ्यांचे पाय.
"पाहू," म्हणाला. गोळी बंद करू नका, म्हटलं.
"बंद कायले करू," म्हणाला,
आणि जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला.

दुपारी दोनला डबा उघडला.
पातोडीचा रस्सा, कालचा, वर लाल थर.
चमच्याने मधोमध रेघ ओढली.
थर दुभंगला, खालचं पाणी दिसलं,
मी मोजायच्या आत
पुन्हा मिटला.