गोडसर वास

काच आतून धुकट होते,
पुसली की आणखी धुकट.
बोटाला काहीतरी तेलकट लागतं.
श्वासाची वाफ अशी नसते.
वाफ पुसली जाते, हे फासलं जातं.

ल्युक्सेले, जानेवारी, उणे चोवीस.
वडिलांची व्होल्व्हो अमेझॉन, सहासष्टची,
दोन वर्षं ताडपत्रीखाली होती.
वडील जाऊन दोन वर्षं. म्हणजे हिशेब बरोबर.

शेजारच्या स्यॉल्वेनं नाक आत घातलं.
"गोड आहे. उकळलेल्या मनुकांसारखा."
रेडिएटरच्या तोंडाला त्यानं पंप लावला,
दहा वेळा दाबला,
आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो,
तापाच्या पोराशेजारी बसावं तसे.
काटा उतरला.
म्हातारं माणूस जिना उतरतं तसा,
एकेका पायरीवर थांबून.

बाहेर थेंब नाही. होस कोरडे, पंप कोरडा.
"म्हणजे आत," स्यॉल्वे म्हणाला
आणि त्यानं हातमोजे काढले.
उणे चोवीसमध्ये माणूस हातमोजे काढतो
तेव्हा बोलणं संपलेलं असतं.

उजवी सीट काढली.
रबरी मॅट. खाली गालिचा, गाळासारखा.
गालिच्याखाली वर्तमानपत्रं.

एक नाही. थर.
वरचं हिरवट, बोटानं फाटणारं,
खालची वाळून पुठ्ठा झालेली.
चाकूच्या पात्यानं मी एकेक सोडवत गेले:
हॉकीचे निकाल, लाकूडगिरणीतला संप,
निधनवार्ता, एल्कच्या मांसाचे भाव,
दोन हजार सोळा, नऊ, अठ्ठ्याण्णव, त्र्याण्णव,
आणि पत्र्याला चिकटलेलं सत्त्याऐंशी, ऑक्टोबर.

ही सीट आईची.

वडील म्हणायचे, बुटांवरचा बर्फ वितळतो.
जुलैतही म्हणायचे.
आणि दर रविवारी, चर्चला निघण्याआधी,
डिकीतली निळ्या झाकणाची बाटली घेऊन
बॉनेटखाली वाकायचे. "तेल बघतो."
एक भरत होता, एक टिपत होती.

मग हीटरची पेटी.
क्लिपा पकडीनं काढायच्या; त्या उडतात, मग शोधायच्या.
केसाएवढी तांब्याची नळी मोडायची नाही.
मोडली तर व्हॉल्व्ह गेला.
स्यॉल्वे तीनदा सांगतो, मी तीनदा हो म्हणते.
आत स्पंजाची भुकटी, पाइनच्या सुया,
आणि त्यांच्यामागे गाभा,
वहीएवढा, पितळेचा,
एका कोपऱ्यावर हिरव्या मिठाची दाढी आलेला.
भोक दिसलंच नाही.
हातात घेतला तर हलका. एवढ्याशासाठी, म्हटलं,
तीस हिवाळे.

नवा उमेओहून आला, अकरा दिवसांनी.
फोम नवा, होस नवे, क्लिपांपैकी एक अजून सापडायची आहे.
पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून होस दाबत राहिलो,
गाडीनं दोन ढेकर दिले, मग गप्प झाली.
जाणारा होस गरम. मी वाट पाहिली.
परत येणाराही.

आईला वृद्धाश्रमातून आणलं. शहाऐंशी वर्षांची, कोटाची सगळी बटणं लावलेली.
विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?
"सांगितलं असतं तर त्यानं गाडी उघडली असती,"
आई म्हणाली. "परत जोडता आली नसती त्याला."

पर्समधून तिनं कालचं वर्तमानपत्र काढलं,
घडी उलगडली, पायाखाली पसरलं,
आणि मगच दार ओढलं.

पुलापाशी म्हणाली, "पाय भाजतायत. कमी कर."
मी दांडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली.
वडिलांनी ती कधी अर्ध्याच्या पुढे सरकवली नव्हती.
कमी कुठे होतं, ते या गाडीत
आजवर कुणी विचारलंच नव्हतं.