गालावर थांबलेला अंगठा

आमच्या शाळेत सतरा मुलं.
सोळांना मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते.
सतरावा ओरिन, तो इतरांचे पाय बघून उठतो.

कर्णबधिरांची शाळा इथून दोनशे दहा मैल
आणि ओरिनच्या आईच्या गळ्यात साठ गायी.
तेव्हा शाळा-मंडळाच्या बैठकीत
सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं,
घरात आजारपण आलं की
बिनलग्नाच्या बहिणीकडे पाहतात तसं.

अभ्यासक्रम पाच विद्यापीठांचा, सामाईक.
एकट्या कुणाकडे पुरेसे विद्यार्थी नाहीत,
एकट्या कुणाकडे पुरेसे शिकवणारे नाहीत,
म्हणून पाचजणींनी मिळून एक चूल मांडलेली.
खुणांचं व्याकरण कॅन्ससहून,
कानाचं शास्त्र यूटाहून,
फी भरायची तिसरीकडेच.
पाच पासवर्ड मी पिठाच्या डब्याच्या
झाकणाला आतून चिकटवले.
(एका विद्यापीठाच्या दप्तरी मी अजून
श्रीयुत अर्डिस क्वामी आहे.
दोनदा कळवलं, मग सोडून दिलं.)

घरी इंटरनेट आहे, म्हणायला.
म्हणून दर मंगळवारी रात्री पिकअप काढायची
आणि धान्याच्या एलिव्हेटरमागे लावायची.
सोसायटीचं वायफाय तिथे भिंतीतून पाझरतं.
लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवलेला,
काचेवर माझाच श्वास गोठत चाललेला,
आणि पडद्यावर प्राध्यापिका डेल्फिन,
जन्मापासून कर्णबधिर.
तिचे हात बोलताना
मला माझे हात
नुसते भांडी घासण्यापुरते वाटायचे.

नोव्हेंबरात एकदा ती 'उद्या' शिकवत होती.
मूठ वळली, अंगठा उभा केला,
गालाला टेकवला
आणि चित्र थांबलं.

वारा होता, नेहमीचा.
गोल फिरणाऱ्या त्या खुणेखाली
तिचा अंगठा गालावर, डोळे अर्धे मिटलेले.
मी वाट पाहिली. पेट्रोलचा काटा पाहिला.
चित्र सुटलं तेव्हा ती पुढच्या आठवड्यावर होती.

मी तेवढंच शिकले. तेवढंच ओरिनला दिलं.
उद्या म्हणजे गालावर अंगठा, स्थिर.
उद्या चित्रकला. उद्या तुझा वाढदिवस.
त्याने ते आईला दिलं, आईने बसवाल्या गेर्हार्टला,
जानेवारीपर्यंत दुकानातली बाईसुद्धा
पावाचा ट्रक कधी येणार ते
गालाला अंगठा लावून सांगू लागली.

मे महिन्यात परीक्षा. तालुक्याच्या ग्रंथालयात,
जिथे चित्र थांबत नाही.
ओरिन शेजारी, केस पाण्याने बसवलेले.
त्याने हातांनी सांगितलं:
उद्या मी वासराचं नाव ठेवणार आहे.

डेल्फिन पुढे वाकली.
तुमचा उद्या जातो कुठे, तिने विचारलं.
मग स्वतः करून दाखवलं, सावकाश.
अंगठा गालावरून सुटला
आणि कमान घेऊन पुढे आला,
आमच्या दिशेने, पडद्याच्या काचेपर्यंत.

माझे कान तापले.
सात महिने मी एका पोराला,
एका आईला, एका बसवाल्याला,
अख्ख्या गावाला
न हलणारा उद्या शिकवला होता.

ओरिनने ती खूण एकदा करून पाहिली.
पुन्हा केली. मान हलवली.
मग तिला समजावू लागला, थोडा वैतागून,
मोठ्यांना समजावावं लागतं तसं:
हा, पुढे जाणारा, नक्की बस येते तेव्हाचा.
आणि हा आमचा, बर्फ असतं तेव्हाचा.

डेल्फिन हसली नाही.
तिने वहीत काहीतरी लिहिलं,
आणि लिहून झाल्यावर ती खूण
स्वतःच्या गालावर
थोडा वेळ ठेवून पाहिली.

प्रमाणपत्र ऑगस्टात आलं.
त्यावर पाच शिक्के, त्यातला एक उलटा.
नाव बरोबर आहे, आधी श्रीयुत आहे.

काल शाळा सुटताना उत्तरेकडून राखाडी चढत होतं.
गेर्हार्ट बसचं इंजिन चालू ठेवून उभा.
ओरिन पायरीवर वळला,
अंगठा गालाला लावला,
आणि तो तिथून हलवण्याआधी
त्याने आभाळाकडे पाहिलं.
मीही पाहिलं.