समोर बसून

सकाळचे सव्वासात. लिंकन रोडवर
लिथुएनियन बेकरीचं शटर अर्धंच वर,
आणि मी अबीलियोच्या दारात.
पिशवीत आजच्या गोळ्या, एक केळं,
ओळखपत्र कोटाच्या आत खोचलेलं.
घरात आठजण. त्यांना त्यानं सांगितलंय
की ही बाई इंग्रजी शिकवायला येते,
म्हणून व्याकरणाचं पुस्तकही आणते.

(बेबीआत्या मिरजेला होती तेव्हा
आमच्याकडे त्याला दमा म्हणत.)

दोन तांबड्या, एक इवली पांढरी.
तो गिळतो, मी बघते.
पगार मिळतो तो या बघण्याचा.
कंठमणी वर जातो, खाली येतो.
मग तो आ करतो, जीभ उचलतो,
लहान मूल आईला दाखवतं तसं नाही,
सरहद्दीवर कागद दाखवावेत तसं.
केळं अर्ध्या तासानं.

पहिल्या आठवड्यात मध्यरात्री फोन:
सिस्टर, लघवी नारिंगी.
आधी सांगितलं होतं मी,
पण दुभाष्याच्या फोनवरून काय पोचलं कोण जाणे,
त्यानं संत्री खाणं सोडलं होतं.

केंद्रात, जिन्यावरच्या खोलीत, माझा तक्ता.
चालू. पूर्ण. हरवले.
हरवतात ते बहुतेक बरं वाटू लागलेलेच.
खोकला थांबला की माणूस थांबत नाही.
अबीलियो चौथ्या महिन्यात गेला.
पलंगावर नवा मुलगा, फोन बंद.
ग्वेन म्हणाली, रकाना भरून टाक,
तिमाही संपतेय.
चूक नव्हती तिची. तिच्यापुढे
एकशे चौदा नावं, आणि आम्ही दोघी.

मी पेट्रोल भरलं.
स्पॉल्डिंगच्या पुढे जमीन इतकी सपाट
की लपायचं म्हटलं तरी वाकावंच लागतं,
आणि सगळेच वाकलेले होते,
डॅफोडिलच्या ओळींत, मार्चच्या वाऱ्यात.
कळ्या हिरव्याच खुडतात इथे,
पिवळ्या होतात त्या दुकानात पोचल्यावर.
तिसऱ्या शेतात सापडला.
मुकादमाला म्हणाला, माझी इंग्रजीची बाई,
आणि गोळ्या काढायच्या आधीच त्यानं आ केला.

अकरा दिवस चुकले होते.
डॉक्टर नव्यानं मोजतील, थुंकी पुन्हा तपासतील,
हे मी गाडीत बसवून सांगितलं, सावकाश,
या खेपेला दुभाष्याशिवाय.
तो काचेबाहेर बघत राहिला.
नखांत हिरवा चीक.
मग मागच्या सीटवरचं पुस्तक घेतलं,
पहिल्यांदाच खरोखर उघडलं,
आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं,
‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’,
यात फरक काय?

मी म्हटलं, दुसऱ्यातला परत आलेला असतो.

त्यानं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.
घड्याळ बघितलं.
केळ्याला अजून वीस मिनिटं होती.