रकाना

तासगावात, बेदाण्याच्या गोदामावर
माझी खोली. जिन्यात गंधकाचा वास.
टेबल मी भिंतीला लावून टाकलंय,
त्याच्या पलीकडं बसून कुणाचं ऐकू येत नाही.

राजाक्का आली ती नवऱ्याची चिठ्ठी घेऊन:
‘हिचं डोकं फिरलंय, बघा जरा.’
बोटं चिकट, नखांत देठांचा चुरा.

फॉर्मवर मी लिहिलं, झोप येत नाही.
ती वाकून वाचत म्हणाली,
‘येती की. मिळत न्हाई.’

मग दोघींनी मिळून मोजलं:
चारला पाणी, भाकरी, सासऱ्याचं औषध,
शेडवर दहा तास, किलोमागं पैसे,
ते कुणाच्या खिशात,
रात्री परत, ‘दमायला काय झालं?’
तिनं ताट भिरकावलं ती वेळही लिहिली.
वेड म्हणावं असं कागदावर काही सापडेना.

‘बाई, तुमी किती वाजता उठता?’
असा प्रश्न परतवायचा, शिकवलं होतं.
म्हणाले, पावणेपाचला. डबे असतात.
ती हसली. मीही, जरा उशिरा.

‘समस्या’ या रकान्यात तिचं नाव होतं.
ते खोडलं. पुढं काय लिहायचं, ठरेना.

मंगळवारी ती आली
शेडवरच्या चौघींना घेऊन.
खुर्च्या दोनच होत्या.
त्यांनी त्या उचलून
जिन्यात नेऊन ठेवल्या.