सातवं पान

अक्षताचा फोन रात्री साडेअकराला येतो,
तिकडं ब्रागात तेव्हा सात वाजलेले.
"बाबा, घर बघितलंय. दोन खोल्या, मागं लिंबाचं झाड.
एजंट म्हणतो, वकील आमचाच आहे, फी पण नको.
तुम्ही चौतीस वर्षं कोर्टासमोर बसलात, सांगा की वो."

बसलो होतो, खरं.
बेळगावच्या कोर्ट आवारात एक स्टूल, पुढ्यात टाईपरायटर.
त्याचा 'ळ' जरा वर उडायचा,
त्यामुळं माझ्या सगळ्या अर्जांत बेळगाव
थोडं उचललेलं.
मग कागद कन्नडात आले. मशीन झाकलं,
फायली शिवायला लागलो. दाभण, पांढरा दोरा,
पानांवर आकडे.
कन्नड बोलायला येतं मला. वाचायला नाही.

वकील मला ठाऊक ते पाठीमागून.
पान उलटताना कोण थुंकी लावतो, नजर लावत नाही.
कोण शेवटच्या पानावरची रक्कम आधी बघतो.
मैनुद्दीनच्या वहीत
कुणाचा चहा कुणाच्या नावावर लिहिलाय,
एवढ्यावर अर्धं कोर्ट कळायचं.

तुला सांगितलं नसेल कधी. मच्छ्याला तीन गुंठे बघितले होते,
तू तेव्हा बालवाडीत.
मालकानंच वकील दिला, काकतकर. आपला माणूस.
"आपल्या आपल्यात कागद कसला वाचायचा?"
म्हणाला, आणि पाठीवर थाप.
बरं वाटलं गं मला. न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या गर्दीत
आपल्या बोलीतली थाप
म्हणजे कुणी हात धरल्यासारखंच.
तुझ्या आईनं इसाराचे पैसे काढले,
मोजले,
परत पिशवीत घातले.
"घाई त्याला कशाची झालीया?"

मग मुनवळ्ळी वकील. बसलिंगप्पा.
आधी फी सांगितली, मग पावती फाडली, मग चष्मा.
कन्नड उतारा, बोट ठेवून, ओळ न् ओळ
मोडक्या मराठीत.
एका ओळीवर बोट थांबलं.
"हितं येक बहीण हाय. तिची सही न्हाई."
कसली बहीण?
"हुबळीला दिलेली. मालक सांगत न्हाई,
कागद सांगतो."
आणि दाराशी पोचलो तर हाक मारून,
"माझं बी नुसतं मानू नका. दुसऱ्याकडनं वाचून घ्या."

जागा घेतली नाही. फी गेली.
तुझ्या आईला ती कधी जड वाटली नाही.
मला वाटायची, अधूनमधून,
बस मच्छ्यावरनं गेली की.
आता तिथं तीन मजले आहेत,
आणि खालच्या दुकानाला अजून कुलूप, कोर्टाचं.

तर फुकटचा वकील, अक्षता,
त्याची फी घराच्या भिंतीत मुरलेली असते.
दर पावसाळ्यात दिसते.

तिनं दुसरी शोधली. ग्रासा नावाची बाई,
गावच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यावर ऑफिस,
एजंटला ओळखतसुद्धा नाही.
आठवड्यानं कागदांचे फोटो आले.
पोर्तुगीज. एक अक्षर लागेना.
चष्मा पुसला, मोबाईल आडवा धरला
आणि जे येतं ते केलं,
पानं मोजली.
चार. पाच. सहा. आठ.

"सातवं पान कुठाय, विचार तिला."
"बाबा, त्या एवढ्या मोठ्या वकील,
त्यांना असलं कसं विचारू?"
"पैसे देतीस न्हवं? विचार."

दुसऱ्या रात्री साडेअकरा.
"विचारलं. तिनं पण मोजलं. म्हणाली,
माझ्या नजरेतनं सुटलं. मागवते.
तोवर सही करू नको."

"राग आला तिला?"

"नाही."

"हसली?"

"नाही वो. लिहून घेतलं."

मग तिला ठेव, म्हटलं,
आणि लिंबाच्या झाडाचा फोटो पाठव.